समित्या उदंड, धनी कोण?

कुपोषणावरचा अहवाल घ्या, डेंग्यूच्या साथीवरचा घ्या, नाहीतर आदिवासी भागातल्या बालमृत्यूंवरचा. शेवटच्या दोन-चार पानांत एक वाक्य हमखास सापडतं: 'संबंधित विभागांमध्ये समन्वयाचा अभाव आढळून आला.' त्याखालची शिफारसही ठरलेलीच असते. जिल्हास्तरीय समन्वय समिती स्थापन करावी, तिची दरमहा बैठक घ्यावी, इतिवृत्त वरिष्ठ कार्यालयास सादर करावं. मंत्री, सचिव, स्वयंसेवी संस्था, वर्तमानपत्रांचे अग्रलेख, सगळ्यांचं यावर एकमत आहे. एवढ्या एकमतानं दिलेल्या औषधानं रोगी वर्षानुवर्षं उठत नसेल, तर निदान पुन्हा तपासलं पाहिजे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गावातल्या किंवा प्रभागातल्या आरोग्याच्या कामांत मेळ नसतो हे खरं, पण ते लक्षण आहे. मूळ दुखणं असं की एका ठरावीक वस्तीच्या आरोग्याबद्दल ज्याला जाब विचारता येईल असा धनीच आपण ठेवलेला नाही. जाब विचारायचा तर त्या माणसाच्या किंवा संस्थेच्या हाती तीन गोष्टी लागतात: पैसा, माहिती आणि माणसांना कामाला लावायचा अधिकार. आपण या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दारी वाटल्या आणि मग त्या दारांतल्या लोकांना महिन्यातून एकदा चहाला एकत्र बोलावण्याला समन्वय म्हणू लागलो. हा प्रश्न सत्तेच्या वाटपाचा आहे. बैठकांची संख्या वाढवून तो सुटणार नाही.

१. एक विहीर आणि चार खाती

गावाचं पिण्याचं पाणी शुद्ध ठेवणं याहून साधं सार्वजनिक आरोग्याचं काम नसेल. त्यात ना महागडी यंत्रं लागतात, ना तज्ज्ञ डॉक्टर. ते काम कसं चालतं ते जरा जवळून पाहू.

विहीर ग्रामपंचायतीची. तिच्यात टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकायची ग्रामपंचायतीच्या शिपायानं. हल्ली त्याला जलसुरक्षक असं भारदस्त नाव आहे. पावडर विकत घ्यायची ग्रामपंचायतीनं, पण तिच्यात क्लोरीन किती उरलंय यावर लक्ष ठेवायचं आरोग्य खात्यानं. शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन पोचलं का, हे बघायला ओटी टेस्ट करायची आरोग्य सेवकानं. पाण्याचा नमुना जायचा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत. नळयोजना बांधलेली जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागानं, मोठी असेल तर जीवन प्राधिकरणानं. आणि पावसाळ्याआधी व नंतर अशी वर्षातून दोनदा स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला कार्ड मिळायचं: धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं, पाच वर्षं सलग हिरवं राखलं तर चंदेरी.

कल्पना म्हणून कार्ड मला फार आवडतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही लाल रंग कळतो. पण गावात जाऊन बघा. टीसीएलची पिशवी पंचायतीच्या ओलसर खोलीत तोंड उघडं ठेवून पडलेली असते. चांगल्या पावडरीत तेहेतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. दमट हवेत ते उडत जातं, आणि काही महिन्यांनी शिपाई इमानेइतबारे विहिरीत नुसता चुना ओतत राहतो. आरोग्य सेवक ओटी घेतो. रंग येत नाही. तो 'निगेटिव्ह' अशी नोंद करतो, नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुक्याला जाते, तिथून पंचायत समितीमार्फत ग्रामसेवकाला (आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) पत्र येतं: 'तात्काळ कार्यवाही करून अनुपालन अहवाल सादर करावा.' नवी पावडर घ्यायला खात्यात पैसे आहेत का, शिपायाचा थकलेला पगार कुठून द्यायचा, पिशवी ठेवायला कोरडी जागा आहे का, हे प्रश्न पत्र लिहिणाऱ्याच्या अखत्यारीत येत नाहीत.

यात समन्वय नेमका कुठे कमी पडला? कागद वेळेवर हलले. प्रत्येकानं आपापली नोंद केली. चारही खात्यांना बैठकीला बोलावलंत तर चौघेही आपापली वही उघडून दाखवतील आणि चौघांचीही वही बरोबर निघेल. पाणी मात्र खराबच राहील, कारण पाणी स्वच्छ असणं हे चौघांपैकी कुणाचंच काम नाही. प्रत्येकाचं काम फक्त स्वतःपुरत्या तुकड्याचं आहे.

२. सत्ता दिली, मग बाजूनं काढून घेतली

हे असं मुळात नव्हतं. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्रानं १९६१ साली जिल्हा परिषदांचा कायदा केला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याआधी केंद्रानं नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुका पातळीच्या गटावर होता; महाराष्ट्रानं विचारपूर्वक जिल्हा हा मुख्य घटक मानला. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे आली. त्या काळाच्या मानानं हे धाडस होतं.

पण भिंत तिथंच घातली गेली. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचं, म्हणजे जिल्हा परिषदेचं. त्याच तालुक्यातलं ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकाचं, म्हणजे थेट राज्य शासनाचं. अडलेल्या बाळंतिणीला केंद्रातून रुग्णालयात पाठवताना ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते म्हटलं तरी चालेल. केंद्रातल्या डॉक्टरला तिथल्या डॉक्टरकडून नंतर कळत नाही की बाई वाचली की नाही, बाळाचं वजन किती भरलं. कुणी सांगत नाही असं नाही. एखादी आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, फोन करून विचारते आणि कळतं. यंत्रणेला मात्र ते ठाऊक नसतं.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून पंचायतींना घटनेचं बळ दिलं. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत आरोग्य व स्वच्छता आहे, कुटुंबकल्याण आहे, महिला व बालविकास आहे, पिण्याचं पाणी आहे. म्हणजे एका माणसाच्या तब्येतीला लागणारं जवळजवळ सगळं. यादी मात्र यादीच राहिली. पुढच्या काळात दिल्लीहून आणि मुंबईहून 'मिशन' येऊ लागली आणि प्रत्येक मिशननं स्वतःची सोसायटी, स्वतःचं बँक खातं, स्वतःचे कंत्राटी कर्मचारी आणि स्वतःची समिती आणली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्याची जिल्हा सोसायटी. पाण्याच्या योजनेचं जिल्हा मिशन वेगळं. जिल्हा नियोजन समितीत लोकनियुक्त सदस्य असतात, पण अध्यक्ष पालकमंत्री. या सगळ्यांत जिल्हा परिषदेचा निवडून आलेला आरोग्य सभापती कुठे असतो? फोटोत असतो.

त्यातही आरोग्य समितीचं सभापतिपद मिळालं म्हणून कुणी गुलाल उधळल्याचं ऐकिवात नाही, गुलाल बांधकामाला. तरीही निवडून आलेला माणूस तिथं असणं महत्त्वाचं होतं, आणि मार्च २०२२ मध्ये ज्या जिल्हा परिषदांची मुदत संपली त्यांवर पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी प्रशासकच बसलेले होते. आरोग्याच्या बाबतीत यानं फारसा फरक पडला नाही असं कुणी म्हणालं, तर तो लोकशाहीवरचा नाही, आपण जिल्हा परिषदेला किती बिनकामाची करून ठेवली होती त्यावरचा शेरा आहे.

३. पैसा बांधून ठेवलेला

गावात 'ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती' असते. नावात चार खाती एकत्र बांधली आहेत. तिच्याकडे वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी. दोन दशकांपूर्वी ठरलेली ही रक्कम; तेव्हाही फार नव्हती. आज त्यातून वजनकाट्याची दुरुस्ती, एखाद्या रुग्णाच्या गाडीचं भाडं आणि थोडी पावडर एवढं झालं की संपली. शिवाय खातं संयुक्त सहीचं, त्यामुळे सह्या जुळेपर्यंत मार्च येतो.

ग्रामपंचायतीकडे पैसा अगदीच नाही असं नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या ग्रामीण अनुदानातला साठ टक्के भाग बंधित होता, निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा दंडक आहे. हे सगळं एकत्र मांडलं तर मध्यम आकाराच्या गावात आरोग्याचा बरा आराखडा उभा राहील. पण एकत्र मांडतं कोण? दहा टक्क्यांतून शिलाई मशीन येतात. शिलाई मशीनबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण गावातल्या किती गरोदर बायांचं हिमोग्लोबिन कमी आहे हे विचारून कुणी तो पैसा खर्च केलाय, असं फार क्वचित घडतं. 'आमचा गाव, आमचा विकास'च्या आराखड्यात आरोग्याच्या रकान्यात 'आरोग्य शिबिर घेणे' असं लिहून पुढच्या पानावर पेव्हर ब्लॉक सुरू होतात.

त्याच आयोगानं स्थानिक संस्थांच्या नावानं आरोग्यासाठी पाच वर्षांत ७०,०५१ कोटी रुपयांची वेगळी शिफारस केली. आकडा छोटा नाही. पण तो पैसा उपकेंद्रांच्या इमारती, तपासण्यांची सोय, तालुका पातळीवरची युनिटं अशा आधीच ठरलेल्या शीर्षांत वाटलेला होता. पंचायतीचं नाव होतं, निवड नव्हती. ज्याला दोन गोष्टींतली एक निवडायची मुभा नाही, त्याच्याकडून प्राधान्यक्रमाची अपेक्षा करू नये. आणि प्राधान्यक्रम ठरवणं, म्हणजे यंदा गटार नको, आधी अंगणवाडीला पाणी, असं म्हणता येणं, हाच समन्वयाचा खरा आशय आहे.

४. माहिती वर जाते, खाली येत नाही

आशाच्या पिशवीत किती रजिस्टरं असतात ते कधी मोजून बघावं. गरोदर माता, नवजात बाळं, लसीकरण, क्षयरोगाचे रुग्ण, कुष्ठरोगाचं सर्वेक्षण, रक्तदाब-मधुमेहाची नोंद. शिवाय मोबाइलवरची ॲप. अंगणवाडी सेविकेकडे वजन-उंचीच्या नोंदी आणि पोषण ट्रॅकर. त्याच मुलाचं नाव दोघींच्या वहीत, वजन कधी कधी वेगळं. ही सगळी माहिती वर जाते आणि दिल्लीच्या डॅशबोर्डवर रंगीत दिसते. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेपुढे मात्र यातलं एक पानही येत नाही. गावात यंदा किती बाळं जन्मली आणि किती दगावली, हे सरपंचाला विचारा. बहुतेकांना सांगता येणार नाही, आणि दोष त्यांचा नाही.

परिणाम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसतो. महाराष्ट्रात उंचीच्या मानानं वजन कमी असलेली, म्हणजे रोडावलेली, पाच वर्षांखालची मुलं २००५-०६ मध्ये १६.५ टक्के होती. २०१५-१६ मध्ये २५.६ टक्के झाली आणि २०१९-२१ मध्ये पुन्हा तेवढीच, २५.६. रक्तक्षय असलेली लहान मुलं मधल्या चार-पाच वर्षांत ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेली. या काळात पोषण महिने साजरे झाले, समन्वय समित्यांच्या बैठकाही झाल्याच असणार. राज्य श्रीमंत, दवाखाने वाढलेले, रस्ते सुधारलेले. तरी मूल रोडावतंय हे ज्या घराच्या शेजारी घडतं, त्या शेजाऱ्यांना ते आकड्यांत कधी सांगितलंच गेलं नाही.

५. मेळ घालतं कोण? दोन बाया

इतकं असूनही गावात काहीतरी चालतं. लसी टोचल्या जातात, बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. कारण खात्यांमधला मेळ कुणीतरी पायांनी घालतं. आशा आणि अंगणवाडी सेविका. एकीला आरोग्य खात्याचा मोबदला, कामागणिक. दुसरीला महिला-बालविकासचं मानधन. दोघींनाही पूर्णवेळ कर्मचारी म्हणायला शासन तयार नाही. महाराष्ट्रात आशाच सुमारे सत्तर हजार आहेत. ग्राम आरोग्य पोषण दिनाला नर्सबाई येणार, तर बायांना घरोघरी जाऊन बोलावून आणणारी आशा, जागा झाडून चटया टाकणारी सेविका. अडली तर गाडी कुणाची, रेशन बंद झालंय तर कुणाला भेटायचं, दारुड्या नवऱ्यानं औषधं फेकली तर काय करायचं, या सगळ्या गोष्टी त्याच निस्तरतात.

२०२३ च्या अखेरीस आशा संपावर गेल्या, डिसेंबरपासून अंगणवाड्यांनाही कुलपं लागली. तेव्हा कळलं की समन्वय समितीची बैठक रद्द झाल्यानं काही अडत नाही, या दोघी घरी बसल्या की अडतं. त्यांना या कामाचा अधिकार नाही, वेगळा पैसा नाही. ग्रामपंचायतीच्या सभेत त्या बसतात ते बोलावल्यावर, कोपऱ्यात, 'मॅडम, जरा आकडेवारी सांगा' एवढ्यापुरत्या.

६. हद्दीपलीकडे

जाब विचारण्याजोगा धनी नसणं सर्वांत जास्त बोचतं ते हद्दीच्या सांध्यावर. बीडची ऊसतोड बाई सहा महिने कोल्हापूर-साताऱ्याच्या फडावर असते. तिच्या बाळाचं नाव गावच्या अंगणवाडीत, भूक फडावर. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. या बायांच्या आरोग्याची जबाबदारी कुठल्या जिल्हा परिषदेची, कारखान्याची की मुकादमाची, याचं उत्तर कुणीच स्वतःहून दिलं नव्हतं. आता स्थलांतराची नोंद ठेवणारी यंत्रणा निघाली आहे, आरोग्य कार्डांचीही योजना झाली. ठीक. पण फडावरच्या गावची ग्रामपंचायत तिथं सहा महिने राहणाऱ्या कुटुंबांना आपली मानत नाही तोवर नोंद ही नोंदच राहील.

शहरांत हेच वेगळ्या रूपात. २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही त्यांतलीच. ग्रामपंचायत गेली, महापालिका पुरती आली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या त्याच पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमची साथ उसळली, दोनशेहून अधिक रुग्ण आढळले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. टाक्या, विहीर, टँकर, खासगी आरओ प्रकल्प, या सगळ्यांची तपासणी तेव्हा धडाक्यात झाली. मधल्या वर्षांत ती करायची कुणी, याला सरळ उत्तर नव्हतं.

७. आक्षेप

*सरपंचांना आरोग्यात रस नसतो.* हा पहिला आक्षेप, आणि तो निव्वळ हवेतला नाही. केरळनं १९९६ च्या लोकयोजनेपासून राज्याच्या योजना निधीतला पस्तीस-चाळीस टक्के वाटा स्थानिक संस्थांना दिला, प्राथमिक आरोग्य केंद्रं ग्रामपंचायतींच्या ताब्यात दिली. तरी सुरुवातीच्या वर्षांत बऱ्याच पंचायतींनी आरोग्याला हात आखडताच घेतला. पण पुढे काय झालं तेही बघा. २००८ मध्ये राज्यानं उपशामक उपचारांचं धोरण केलं आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाणारी नर्स ग्रामपंचायतीच्या पैशानं फिरू लागली. मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्याची उशाशी बसून जखम धुणं हे काम तिथली पंचायत आपलं मानते. रस अधिकारानंतर येतो, आधी नाही. आपल्याकडे दारूचं दुकान बंद करायला मतदानाचा हक्क मिळाला, तेव्हा 'आडवी बाटली' या दुकानबंदीच्या चिन्हासाठी बाया मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिल्या होत्या. ते आरोग्याचंच मतदान होतं. आणि हो, सरपंचाला गटारात रस असतो म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की गटार हेही आरोग्यच.

*डॉक्टर सरपंचाच्या हाताखाली कसा काम करणार?* कोणती गोळी द्यायची हे सरपंचानं ठरवावं असं कुणी म्हणत नाही. दवाखाना किती वाजता उघडतो, डॉक्टर मुक्कामी राहतो का, उपकेंद्रात पाणी आहे का, हे विचारायला एमबीबीएस लागत नाही. शिवाय आजही जिल्हा परिषदेचे सगळे डॉक्टर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाताखाली असतात, आणि तो अधिकारी वैद्यकी शिकलेला असतोच असं नाही. त्यावर कधी आक्षेप आला नाही. तेव्हा हरकत अज्ञानाला नाही, हुद्द्याला आहे.

*वरून चालवलेले कार्यक्रमच यशस्वी होतात.* पोलिओचं उदाहरण इथं येणारच. जानेवारी २०११ नंतर देशात वन्य विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा रुग्ण आढळला नाही, आणि ते काम वरून, एकाच आज्ञेनं झालं. मान्य. पण पोलिओला एक लस होती, एक दिवस होता, एक बूथ होता. कुपोषणाला, दारूला, म्हाताऱ्यांच्या एकटेपणाला, शेतकऱ्याच्या मनावरच्या ताणाला तसा एक डोस नाही. जवळचं उदाहरण २००५ सालच्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचं. त्यानं आरोग्य आणि बालविकास ही दोन खाती एका नजरेखाली आणली, रिकाम्या जागांचा पाठपुरावा केला, पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. खुजेपणाचं प्रमाण ४६.३ टक्क्यांवरून दहा वर्षांत ३४.४ वर आलं; सगळं श्रेय मिशनला देणं धाडसाचं, पण वाटा नक्की होता. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पुढच्या फेरीत मात्र ३५.२. घसरण थांबली, किंचित उलटी फिरली. चांगला अधिकारी खात्यांना एकत्र बांधतो. तो बदलून गेला की गाठ सुटते. गावाच्या बाजूनं ती गाठ धरणारं कुणी नव्हतं.

*गावगाड्याच्या हाती पैसा दिला तर तो जातीच्या आणि घराण्यांच्या वाटेनं जाईल.* चार आक्षेपांत सर्वांत वजनदार हाच, आणि याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. वस्तीवरच्या पारध्याच्या पोराचं वजन गावातल्या पाटलाला आपोआप दिसणार नाही. पण खात्यांना तरी ते दिसलं का? मेळघाटातली धारणी आणि चिखलदरा ही नावं उच्च न्यायालयात दशकानुदशकं घुमताहेत; आरोग्य, आदिवासी विकास, बालविकास, बांधकाम आणि वन, प्रत्येक खातं आपापलं प्रतिज्ञापत्र घेऊन येतं. लांबून चालणारा कारभार निःपक्षपाती असतो हा भ्रम आहे. अंकुश ठेवायचे मार्ग आपल्याकडे करून पाहिलेले आहेत. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. जनसुनवाईत बाया उभ्या राहून सांगू लागल्या की औषधाची चिठ्ठी बाहेरची दिली, पैसे मागितले, गाडी आली नाही. आणि अधिकाऱ्याला लोकांसमोर उत्तर द्यावं लागलं. आदिवासी भागातल्या पेसा कायद्याच्या गावांत पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, २०१५ पासून तिच्याकडे आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट येतो. धनी नेमताना त्याच्यावर डोळे ठेवणारेही नेमावे लागतील, एवढं या आक्षेपातून घ्यावं.

८. मग करायचं काय

पहिलं आणि अवघड: तालुक्याचं आरोग्य एका छताखाली आणा. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि ग्रामीण रुग्णालय यांच्यातली १९६२ पासूनची भिंत पाडून दोन्ही जिल्हा परिषदेच्या एकाच अधिकाऱ्याकडे द्या, आणि त्याला निवडून आलेल्या आरोग्य समितीपुढे उभं राहायला लावा. शल्यचिकित्सकांची कार्यालयं याला विरोध करतील. करू देत. पदं कुणाच्या नावावर हा वाद रुग्णानं भोगायचं कारण नाही.

दुसरं सोपं आहे आणि उद्यापासून होण्यासारखं आहे. ग्रामपंचायतीच्या प्रत्येक मासिक सभेपुढे एक पान यावं: महिन्यात जन्म किती, मृत्यू किती आणि कशानं, तीव्र कुपोषित मुलं किती, पाण्याची तपासणी काय म्हणते, दवाखान्यात डॉक्टर किती दिवस हजर होता. माहिती आजही आशाच्या आणि सेविकेच्या वहीत आहे. नवं ॲप लागत नाही. नावं गुप्त ठेवायची, आकडे फळ्यावर लिहायचे. त्या दोघींना समितीत सहीपुरतं न ठेवता मताचा अधिकार द्यायचा, आणि हे पान तयार करण्याचा वेगळा मोबदलाही.

पैशाचं म्हणाल तर समितीचा निधी लोकसंख्येप्रमाणे वाढवावा आणि बंधित निधीतला एक हिस्सा आरोग्याच्या पानावर जे कमी दिसेल त्यावर खर्च करायची ग्रामसभेला मोकळीक असावी. काही पंचायती चुकीचा खर्च करतील. खातीही करतात, फरक इतकाच की खात्यांचा चुकीचा खर्च गावाला कळत नाही. असा मोकळा पैसा मनाच्या आरोग्याच्या कामालाही लागू शकतो. विदर्भातल्या 'विश्राम' प्रकल्पानं अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत दाखवून दिलंय की गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांकरवी नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर जाऊ शकतं. असं काम प्रकल्प संपला की संपतं, कारण पुढचा पगार देणारी पंचायत नसते.

वाचकांना एक विनंती. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात. पुढच्या ग्रामसभेला जा आणि तीनच प्रश्न विचारा: आपल्या गावाचं पाण्याचं कार्ड यंदा कोणत्या रंगाचं आहे, महिला-बालकल्याणाच्या दहा टक्क्यांतून गेल्या वर्षी काय घेतलं, आणि आरोग्य समितीच्या खात्यात आज किती रुपये शिल्लक आहेत. उत्तर मिळालं नाही तर प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत मागा.